सुभेदार आणि उपाशेवाडीचं नाव

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी उपाशेवाडीच्या माळावर सगळ्या गावाला पुरेल एवढं जेवण शिजलं आणि गावातल्या एकाही माणसानं ते खाल्लं नाही. आमटी, भात, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर असा बेत होता. निमित्त नगरपंचायतीच्या स्वागत कमानीच्या उद्घाटनाचं होतं. तेही झालं नाही. भांडण झालं, मारामारी झाली नाही. पोलिसांत कोणाची तक्रार नाही.

याला जबाबदार कोण, असं विचारलं तर पाटील आळी, पेठ आणि मेंढपाळांची वरची वस्ती एकाच घराकडे बोट दाखवतात. ते घर सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांचं. तालुक्याचा वार्ताहर म्हणून काम करत असताना मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो.

खोली बघायला गेलो तेव्हा सुभेदार अंगणातल्या कडुनिंबाला आरसा टांगून दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काम काय करता?"

"बातमीदार आहे."

"मग एक सांगतो. कुठं झालं, कवा झालं, कोन हुतं, एवढं लिवा. का झालं ते इचारू नका. त्येचं उत्तर परत्येक घरात येगळं मिळतं."

खोली मिळाली. दर रविवारी सकाळी ते दार वाजवून आत येत आणि खोलीची तपासणी करत. अंथरुणाच्या घडीची कड सरळ नसली तर घडी उलगडून ठेवत आणि काही न बोलता निघून जात. त्यांना रोज कुठंच जायचं नसे, तरीही बुटांना पॉलिश होई. पॉलिश केलेले बूट घालून ते एसटी थांब्यापर्यंत जात, पहिली गाडी बघत आणि परत येत.

गाडी बघण्याचं कारण होतं. उपाशेवाडी सातारा आणि सांगलीच्या सीमेवर, माण तालुक्याच्या अंगाला आहे. पूर्वी पाऊस नव्हता. माणसं मेंढरांमागं, पलटणीत नाहीतर मुंबईला असत. गावाबाहेर गेलेला माणूस गाव विचारलं की नुसतं 'वाडी' म्हणे. 'कुठली वाडी?' असं कोणी विचारलं तर विषय बदले. कंडक्टरलाही तीच सवय लागली होती. थांब्यावर गाडी लागली की तो ओरडे, "चला वाडी, वाडी!"

सुभेदार फुटबोर्डवर एक पाय ठेवून उभे राहत.

"कुठली वाडी?"

"आवं सुभेदार, रोजचंच की. चढा नाहीतर उतरा."

"म्हाराष्ट्रात वाड्या लय हायती. पाटीवर काय लिवलंय ते पुरं म्हना."

"उपाशेवाडी! उपाशेवाडी! झालं समाधान?"

"आता कसं," म्हणून ते पाय खाली घेत. त्यांना जायचं नसेच. गाडीतली माणसं हसत. नवीन कंडक्टर आला की सुभेदार हा शिरस्ता पहिल्यापासून सुरू करत.

हसण्याची त्यांना सवय होती. पलटणीत भरती झाले तेव्हा गावाचं नाव सांगितल्याबरोबर लंगरमधला स्वयंपाकी म्हणाला होता, "उपाशेवाडी? मतलब भूखों का गाँव? तो दो रोटी ज़्यादा ले, भाई." नोकरीभर प्रत्येक नव्या ठाण्यावर हाच विनोद झाला आणि प्रत्येक ठाण्यावर दोन रोट्या जास्त मिळाल्या. सुभेदार सांगत, "हसत्यात तर हसू द्या. हसून वाढत्यात."

लग्नाच्या वेळी मात्र अडलं होतं. मुलगी कृष्णाकाठच्या ऊसवाल्या गावातली. तिचे वडील बैठकीतून उठले आणि म्हणाले, "मानूस ठीक हाय, पर उपाशेवाडीत पोरगी दिली म्हनून लोकांम्होरं कसं सांगायचं?" तेव्हा आतून मुलीचा आवाज आला, "सांगू नका. मी सांगंन." बैठकीत नवरीमुलीनं बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळं पुढं कोणाला काही सुचलं नाही आणि लग्न ठरलं. ही हकिकत मी दोघांकडूनही स्वतंत्रपणे ऐकली. तपशील जुळतात. फक्त सुभेदारांच्या पत्नी, म्हणजे काकू, शेवटी एक वाक्य जास्त घालत: "मला वाटलं हुतं नावच तेवढं वंगाळ हाय. ह्येंची पॉलिशची डबी तवा कुठं बघितली हुती मी!"

पुढं कालव्याचं पाणी आलं. माळावर डाळिंब लागलं, दोन-चार ठिकाणी ऊसही झाला. बाजारपेठ वाढली, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि इमारतीवर मोठ्या पितळी अक्षरांत गावाचं नाव लागलं. अक्षरं मोठी झाल्यावर नाव जास्त टोचू लागलं. डाळिंबाची बाग असलेल्या एका नगरसेवकानं सभेत विषय काढला.

"वाशीच्या मार्केटात माझी पेटी उतरली. वरती गावाचं नाव. दलाल म्हनला, शेठ, आधी तुमी पोटभर खावा, उरलं तर हिकडं पाठवा. आता ह्येच्यावर मी काय बोलू?"

त्यांनी नवीन नाव सुचवलं: अन्नपूर्णानगर. सभेत टाळ्या पडल्या. गावकऱ्यांच्या हरकती मागवायच्या आणि मग प्रस्ताव सरकारकडं पाठवायचा, असं ठरलं.

ती बातमी सुभेदारांनी माझ्या पेपरात उभ्यानं वाचली. मग पेपराची घडी घातली. कड सरळ आली नाही म्हणून पुन्हा घातली.

"मानसानं नाव बदललं तर पोलीस धुंडाळत्यात. गावानं बदललं तर सत्कार व्हय?" ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नोकरीभर ह्या नावापायी लोकांचं हसनं सोसलं. सासऱ्याचं बोलनं सोसलं. आता पानी आलं म्हनून नाव टाकायचं. मग इतकी वर्सं सोसलं ते काय फुकट?"

काकू आतून म्हणाल्या, "मी बापाम्होरं उपाशेवाडीला हो म्हनले. अन्नपूर्णानगरला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार हरकती गोळा करायला निघाले. मी बातमीसाठी बरोबर गेलो. पहिल्यांदा ते वरच्या वस्तीवर गेले. तिथले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे कारभारी म्हणत, मेंढीची लोकर कातरत बसले होते.

"कारभारी, गावाचं नाव बदलत्यात."

"बदलू द्या की. आमची मेंढरं कुठं पाटी वाचत्यात."

"मेंढरं वाचत न्हाईत. पर मेंढरांपायी पडलेलं नाव हाय, त्येचं काय?"

कातर थांबली. "ते कसं?"

सुभेदार समोरच्या दगडावर ताठ बसले. "दुष्काळ हुता. तुमच्या वाडवडलातला एक गडी हितं मेंढरं घिऊन उतरलेला. कोकरांच्या आया मेल्या. त्येनं घरात हुतं नव्हतं ते कोकरांस्नी घातलं आन् सोता उपाशी ऱ्हायला. येनारा-जानारा म्हनायचा, ती बघा उपाश्याची वाडी."

"नाव काय त्येचं?"

"मला इचारता? पनजा तुमचा."

कारभाऱ्यांनी बराच विचार केला. "आमचा एक पनजा लय वाळका हुता म्हनं."

"त्योच."

खाली उतरताना मी सुभेदारांना विचारलं, ही हकिकत तुम्हाला कोणी सांगितली.

"कोन सांगतंय? आत्ता मीच न्हाई का सांगितली?"

पाटील आळीत त्यांनी सांगितलं की, गावावर वेढा पडला होता तेव्हा पाटलांच्या पूर्वजानं आपल्या ताटातलं अन्न शिबंदीतल्या शिपायांना दिलं आणि स्वतः उपाशीपोटी तटावर उभा राहिला. गावाला तट कधी होता का, असं पाटलांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त पूर्वजाच्या हातात तलवार होती की भाला, एवढं विचारलं. सुभेदार म्हणाले, "दोनी."

पेठेत जरा अवघड गेलं. तिथले वडील व्यापारी अण्णा हिशेबी माणूस. दुष्काळात तुमच्या आज्याच्या आज्यानं पेवं उघडून सगळं धान्य गावाला वाटलं आणि त्याचं स्वतःचं घर उपाशी राहिलं, असं सुभेदारांनी सांगितल्यावर अण्णांनी चष्मा काढला.

"सुभेदार, दुकानदार कवा उपाशी ऱ्हातो व्हय?"

"म्हनून तर गावाला नाव पडलं. रोज घडत असतं तर कुनी ध्यानात ठेवलं असतं?"

अण्णांनी चष्मा परत घातला.

यातलं काहीही मी छापलं नाही. तिन्ही हकिकतींना एकच सूत्र होतं आणि ते म्हणजे माझे घरमालक.

हरकतीच्या मुदतीत तिन्ही भागांतून माणसं नगरपंचायतीवर आली. आमच्या पूर्वजाच्या त्यागावरून पडलेलं नाव बदलू देणार नाही, असं प्रत्येक गटानं सांगितलं. गट वेगवेगळ्या वेळी आले, त्यामुळं आधीच्यानं काय सांगितलं ते नंतरच्याला कळलं नाही. नामांतराचा विषय बाजूला पडला. सुभेदारांनी त्या दिवशी एसटी थांब्यावर सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या सभेत डाळिंबवाले नगरसेवक पुन्हा उठले. नाव एवढं थोर असेल तर नव्या स्वागत कमानीवर त्याचा इतिहास कोरावा, असं ते म्हणाले. ज्या घराण्यावरून नाव पडलं त्या घराण्याला उद्घाटनाच्या नारळाचा आणि महाप्रसादाच्या पहिल्या पंगतीचा मान द्यावा. हे त्यांनी साधेपणानं सुचवलं की सगळं ओळखून, याची खात्री करता आली नाही. ठराव मंजूर झाला.

आमच्या भागात मान ही चीज हलकी नाही. जत्रेत पहिला नारळ कोणाचा, लग्नात पहिला टिळा कोणाला, पंगतीत पहिलं पान कोणाचं, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं आणि तितक्याच पिढ्या त्यावर वाद चालू असतो. एकदा पहिल्या पंगतीला बसलेलं घर नंतर कधी दुसऱ्या पंगतीला बसत नाही. म्हणून नवीन मान निघाला की तो कोणाकडं जातो याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. त्या आठवड्यात तिन्ही भागांना एकमेकांच्या पूर्वजांची माहिती झाली. कमानीच्या दगडावर कोणता मजकूर कोरायचा, हे पाथरवटाला कोणी सांगेना. शेवटी मजकुराची जागा गुळगुळीत करून सोडून दिली आणि फक्त वर गावाचं नाव कोरलं. इतिहास उद्घाटनाच्या दिवशी सुभेदार सांगतील, असं ठरलं.

त्या दिवसांत सुभेदारांना दाढी करताना दोनदा कापलं. रविवारची तपासणी झाली नाही.

"तीन घरी सोयरीक जमवली, आन् नवरी एकच," काकू म्हणाल्या. "सांगा आता कुनाच्या दारात उतरवायची."

"एकाचं नाव घेतलं तर दोघं उलटत्यात. दोघं उलटले की नाव गेलं. अन्नपूर्णानगरच्या कागदावर सह्या करून मोकळे व्हत्यात."

"मग खरं काय ते सांगा."

"खरं सांगितलं तर तिघंबी उलटत्यात."

रविवारी सगळ्या गावाला चूलबंद आवतण होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. माळावर मांडव होता. तिन्ही भागांची माणसं आपापली हलगी वाजवत आली. पाटील, कारभारी आणि अण्णा असे तिघंही फेटा बांधून आले होते आणि तिघांच्या हातात नारळ होता. कमानीसमोर तिघं थांबले. हलग्या थांबल्या.

नगराध्यक्षा व्यासपीठावर होत्या. त्यांचे यजमान माईकवर होते. आधी जेवून घेऊ, नारळाचं मग बघू, असं त्यांनी जाहीर केलं. पत्रावळी मांडल्या गेल्या. कोणी बसलं नाही.

"तिघं एकदम बसा की," यजमान म्हणाले.

"मधी कोन बसनार?" पाटलांनी विचारलं.

"गोल बसा मग."

"गोलात वाढपी सुरवात कुठनं करनार?" हे अण्णा.

आचारी मागून ओरडला, "साहेब, खीर आटाय लागलीया!"

शेवटी सुभेदारांना माईकवर बोलावलं. ते चालत आले, टाचा जुळवून उभे राहिले. बूट चकचकीत होते. समोर पाटील, कारभारी आणि अण्णा तीन बाजूंना उभे. डाळिंबवाले नगरसेवक मांडवाच्या खांबाला टेकून बघत होते.

"तीन हकिकती तुमी ऐकल्या," सुभेदार म्हणाले. "माझी आजी चौथी सांगायची. ती आज सांगतो. ह्याच माळावर एक लगीन हुतं. आख्ख्या गावाला जेवान हुतं. पानं मांडली. पैल्या पंगतीला कोन बसायचं ह्येच्यावरनं वाद लागला. पाटील म्हनले आमी. वरची वस्ती म्हनली आमी. पेठ म्हनली आमी. नवरा-नवरी बसून ऱ्हायले. वऱ्हाड दुसऱ्या गावचं हुतं, ते उठून चालाय लागलं. दिस मावळला. अन्न कुत्र्यांनी खाल्लं आन् आख्खं गाव उपाशी निजलं. वऱ्हाडानं जाता जाता नाव ठिवलं. ते आजवर हाय."

पहिल्यांदा कारभारी बोलले.

"म्हंजे आमचा पनजा वाळका हुता ते?"

"वाळका असंल की. त्या दिशी समदेच उपाशी निजले."

"आमाला नावं ठिवाय माईक दिलाय व्हय रं ह्येला?" पाटील ओरडले. अण्णा म्हणाले, "ही ह्यानं हितंच उभ्या उभ्या जुळवली. सांगतो मी. ह्याला सवय हाय." ही गोष्ट अण्णांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होती, पण तसं ते म्हणाले नाहीत.

"बरं, खोटी हाय," सुभेदार म्हणाले. "मग बसा जेवाय."

तिघं जागचे हलले नाहीत. मग पाटील आळी निघून जाऊ लागली. पाटील आळी पहिली गेली असं होऊ नये म्हणून वरची वस्ती आणि पेठ तिच्या बरोबरीनंच निघाली. मांडवाच्या तोंडाशी थोडी रेटारेटी झाली. मांडवात आचारी, वाढपी, नगराध्यक्षा, त्यांचे यजमान आणि सुभेदार उरले. सुभेदारही जेवले नाहीत. गाव जेवल्याशिवाय जेवायचं नाही, असं ते म्हणाले.

घरी परत आलो तर काकू बायकांच्या पंगतीचं बोलावणं यायची वाट बघत थंड चुलीसमोर बसल्या होत्या.

"काय वाढलं?"

"काय न्हाई."

"म्हंजे?"

"कुनी जेवलंच न्हाई."

"आन् तुमी?"

सुभेदारांनी बुटांचे बंद सोडले. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि हसत राहिल्या. हसणं थांबल्यावर पिठाचा डबा उघडायला उठल्या आणि परत बसल्या. आवतण चूलबंद होतं. आधी कोणाच्या तरी घरातून धूर दिसू दे, म्हणाल्या. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. दिवस मावळेपर्यंत कोणत्याही आळीतून धूर निघाला नाही.

अन्न आचाऱ्यानं शिवेपलीकडच्या ऊसतोड कामगारांच्या तळावर नेऊन वाटलं. ते बीडकडचे होते. त्यांनी पंगतीविषयी काही विचारलं नाही.

चौथ्या हकिकतीची मी चौकशी केली. गावातल्या वृद्धांपैकी काहींनी ती कधीच ऐकली नव्हती. काहींनी ऐकली होती, पण शेजारच्या गावाबद्दल. सुभेदारांच्या आजीला ओळखणारं कोणी हयात नाही. दुजोरा मिळाला नाही, म्हणून हीही हकिकत छापली नाही. खुद्द सुभेदारांना विचारलं तर ते पॉलिशच्या डबीचं झाकण शोधू लागत.

दीड-दोन महिने तिन्ही भागांतलं कोणी त्यांच्याशी बोललं नाही. थांब्यावर ते उभे राहत, पण गाडीतलं कोणी हसत नसे. डाळिंबवाल्या नगरसेवकांनी हीच वेळ साधून नामांतराचा विषय पुन्हा सभेपुढं आणला. आता गाव सुभेदारांवर चिडलेलं आहे, नाव टाकायला तयार होईल, असा त्यांचा अंदाज होता. सभेच्या आदल्या दिवशी सुभेदार मला म्हणाले, "आता जातंय बघा." काकूंनी त्यांना जेवायला दोनदा हाक मारली, तेव्हा उठले.

सभेला मी होतो. प्रस्ताव वाचला गेला. पाटील आळीचे नगरसेवक उठले.

"आता नाव बदललं तर लोक काय म्हनतील? सुभेदार बोलला ते खरं हुतं, म्हनून लाजंनं नाव बदललं. आमचा इरोध हाय."

वरच्या वस्तीच्या नगरसेविका म्हणाल्या, "ह्येच मला म्हनायचं हुतं. ह्येंनी आधी म्हनलं म्हनून काय, आमचाबी इरोध हाय."

पेठेच्या नगरसेवकांनी बसल्या जागेवरून हात वर केला. मग बाकीच्यांनीही केले. सूचक डाळिंबवाले नगरसेवक एकटे राहिले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हात वर केला.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सुभेदार कडुनिंबाखाली बसले होते.

"नाव राहिलं. विरोध एकमतानं झाला."

"एकमतानं?" ते उभे राहिले. "ह्या गावात?"

"बातमी नीट इचारून घ्या त्येंच्याकडनं," काकू आतून म्हणाल्या. "दुसऱ्या गावची असंल."

प्रस्ताव फेटाळल्याचा ठराव नगरपंचायतीनं तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला कळवला. सरकारी नोंदीत बदल झालेला नाही. गावाचं नाव उपाशेवाडी आहे.